माळा रिकामा करून देणाऱ्या दोन जावा : सांगलीतील एका सेवेचा अनुभव

सांगलीत घरातील वर्षानुवर्षांची अडगळ निवडून तिची वाट लावून देण्याचे काम (हा शब्दप्रयोग येथे त्याच्या सरळ, चांगल्या अर्थाने घ्यावा) दोन जावा गेली काही वर्षे करीत आहेत. त्यांच्या उद्योगाला नाव नाही, फलक नाही, दुकानही नाही. विश्रामबागेतील राहत्या घरातून हे काम चालते आणि एका घरचे काम पाहून दुसऱ्या घरची मंडळी त्यांना बोलावतात, एवढ्यावरच त्यांच्या तारखा भरलेल्या असतात. दूरध्वनी क्रमांक कोठे छापू नये अशी त्यांचीच विनंती असल्यामुळे तो मी देत नाही. यंदाच्या चैत्रात त्यांनी आमच्या गावभागातील घराचा माळा आणि वरची खोली चार दिवसांत रिकामी करून दिली. काम एकंदरीत उत्तम झाले. एका बाबतीत मात्र त्यांच्यामुळे मला सकाळी सहा वाजता रद्दीच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसावे लागले. दोन्ही गोष्टी पुढे सविस्तर सांगते, म्हणजे त्यांना बोलवायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

आम्हाला त्यांची गरज का पडली, हे आधी सांगायला हवे. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे आकडे सांगलीच्या माणसाला पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि ओसरल्यावर गावभागातील प्रत्येक दारापुढे गाद्या, कपाटे, पुस्तके आणि धान्य यांचा चिखलाने लडबडलेला ढीग उभा राहिला. सांगलीकरांनी सामान टाकलेले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही, पण ते आम्ही निवडून टाकलेले नव्हते. जे भिजले ते गेले आणि जे माळ्यावर होते ते राहिले, इतकाच त्यातला न्याय. त्यामुळे आमच्या गावात माळ्यावरच्या वस्तूला एक आगळाच मान मिळालेला आहे. फुटक्या कंदिलालाही कोणी हात लावू देत नाही, कारण तो पुरातून वाचलेला असतो.

या मानाची किंमत आम्हाला २०२१ च्या जुलैत कळली. पाणी पुन्हा दारात आले तेव्हा सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेले, आणि वर गेल्यावर त्यांना निजवायचे कोठे हा प्रश्न पडला. वरच्या खोलीत चार ट्रंका, उभी करून ठेवलेली नवारीची खाट, दोन शिवणयंत्रे, मुलांचा पाळणा आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. ट्रंकांच्या मधल्या जागेत गादी अंथरली. पाय लांब करता येत नव्हते म्हणून त्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी दोन रात्री गुडघे पोटाशी घेऊन काढल्या. पाणी ओसरले, आम्ही भिंती धुतल्या, आणि त्यानंतर चार वर्षे दर उन्हाळ्यात ‘यंदा नक्की वरची खोली मोकळी करायची’ असे म्हणत राहिलो. ट्रंक उघडायची, वरची साडी हातात घ्यायची, तिच्याविषयी अर्धा तास बोलायचे आणि ट्रंक बंद करायची, असा आमचा कार्यक्रम असे.

दोघी जावा पहिल्यांदा आल्या त्या नुसती पाहणी करायला. थोरल्या पन्नाशीच्या असाव्यात, धाकट्या चाळिशीच्या. पाहणीचे त्या तीनशे रुपये घेतात आणि काम ठरले तर ते शेवटच्या हिशेबात वळते करतात. थोरल्यांच्या हातात वाण्याकडे असते तशी लांबट, लाल कापडी पाठीची वही होती. तिच्या डाव्या बाजूला त्या वस्तूचे नाव लिहीत होत्या आणि उजव्या बाजूला ती कोठे जाणार ते. माझी अपेक्षा अशी होती की, हे हवे का, ते नको का, असे त्या विचारतील आणि मी हो-नाही करीन. तसे त्यांनी एकदाही विचारले नाही. त्यांचे विचारणे ठरलेले होते: “हे माळ्यावरून शेवटचे खाली कधी उतरवले होते?” आणि त्यापाठोपाठ, “हे आता कोणाला लागेल?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा माझ्याकडे नसे, त्यांच्याकडे मात्र असे. वाकळ शिवणाऱ्या बायका, गाद्या पिंजून देणारा, मिरजेचा वाद्य कारागीर, जुनी शिवणयंत्रे दुरुस्त करून गरजू बायकांना अर्ध्या किमतीत देणारा एक गृहस्थ, अशी माणसे त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंदलेली आहेत.

आणि येथेच त्यांचा सर्वांत महत्त्वाचा नियम येतो. उजवी बाजू कोरी असलेली वस्तू त्या माळ्यावरून उतरवतच नाहीत. प्रथम मला हा अडेलतट्टूपणा वाटला. पण चार वर्षे आमची खोली का अडली होती, हे त्या नियमाने मला दाखवून दिले. आमचा जीव त्या पाळण्यात गुंतला होता असे मुळीच नाही. खाली आणल्यावर तो ठेवायचा कोठे, हे माहीत नव्हते, आणि रस्त्यावर टाकवत नव्हता. त्या अडचणीला आम्ही इतकी वर्षे माया म्हणत होतो. पाळण्यापुढे ‘पलूसची बाळंतीण, शनिवारी टेम्पो’ असे लिहिले गेले आणि तो दहा मिनिटांत जिना उतरला.

दुसरा नियम मला तितकासा रुचला नव्हता, पण आता त्याचीच मी सर्वांत अधिक तारीफ करीन. घर कोणाच्या नावावर आहे आणि पैसे कोण देणार आहे याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. वस्तू ज्याची असेल त्याने स्वतः सांगितल्याखेरीज ती हलत नाही. तांब्याच्या बंबाला मी सहज ‘मोडीत’ म्हणून टाकले, तेव्हा धाकट्या म्हणाल्या, “काकू, बंब तुमचा का आजींचा?” बंब अर्थातच सासूबाईंचा होता. मग दोघी खाली आल्या, सासूबाईंच्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या, चहा झाला, आणि मग विषय निघाला.

“आजी, बंब शेवटचा कधी पेटवलाय?”

“गॅसचा गिझर आला त्याच्या आदल्या दिवाळीला. अभ्यंगस्नानाला.”

“मग काय करू या त्याचं?”

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मोडीत घालू नका. कोण पेटवणार असंल तर द्या.”

वहीच्या उजव्या बाजूला ‘मोड’ असे लिहिलेले नव्हतेच, त्यामुळे खोडावे लागले नाही. द्राक्षबागा असलेल्या तासगाव तालुक्यातील एका कुटुंबाचे नाव तेथे आले. बागेत वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. छाटलेल्या काड्यांचे भारेच्या भारे बांधावर पडतात आणि बंबाला त्यासारखे जळण नाही. ज्या वस्तूला सांगलीत केवळ किलोचा भाव होता तिला पंचवीस-तीस किलोमीटरवर अजून रोजचे काम होते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही, माझ्या माहेरी अजून बंब आहे. पण अडगळ म्हटली की माणूस अशा गोष्टी विसरतो.

पितळेच्या बाबतीत त्यांचा व्यवहार किती चोख आहे ते सांगते, कारण या कामात गफलतीला सर्वांत अधिक वाव तेथेच असतो. हंडे, कळश्या, पराती, घंगाळ, डब्यांची उतरंड आणि कलई उडालेली सहा पातेली त्यांनी अंगणात मांडली. सर्व भांडी प्रथम घरीच ताणकाट्याने तोलून वहीत लिहिली गेली आणि त्यानंतरच पेठेतील भांड्यांच्या दुकानात नेली. दुकानदाराने लोखंडी कड्या आणि खिळे हातोडीने काढून वेगळे केले, ते त्यांनी मला समोर उभे करून दाखवले, आणि वजनातील फरक त्यामुळेच पडला आहे याची खात्री करून घ्यायला लावली. पितळ ३१ किलो भरले, किलोला ४१० रुपयांनी. तांबे, बंब सोडून, ६ किलो ४०० ग्रॅम, ६४० रुपयांनी. १६,८०६ रुपये दुकानदाराने थेट माझ्या हातात दिले. दोघी मोडीच्या पैशाला हात लावीत नाहीत आणि दुकानदाराकडून काही घेतही नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या वागण्यावरून मला ते खरे वाटले.

मोडीला जाण्यापूर्वी मात्र एक पूर्ण दुपार भांड्यांवरची नावे वाचण्यात गेली. आमच्याकडे भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायची रीत आहे, आणि घासून घासून ते ठिपके इतके पुसट होतात की ते डोळ्यांनी दिसत नाहीत, बोटाला लागतात. सासूबाई प्रत्येक परातीच्या काठावरून अंगठा फिरवीत आणि त्यांना कळले ते नाव सांगत. त्यात एक मोठी परात निघाली, तिच्यावर आमच्या घराचे नावच नव्हते. नणंदेच्या लग्नात खणभागातील एका ओळखीच्या घरून पुऱ्यांची कणीक मळायला आणलेली ती परात, गेली सत्तेचाळीस वर्षे आमच्याकडे राहिलेली होती. थोरल्या बाईंनी ती त्याच संध्याकाळी मूळ घरी पोचवली. त्या घरातील लोकांना ती आठवतही नव्हती, पण नाव त्यांच्याच आजीचे होते, त्यामुळे त्यांनी ठेवून घेतली. थोडक्यात, आमच्या घरची अडगळ त्यांच्या घरी गेली. यावर मी अधिक काही बोलत नाही.

सासऱ्यांचा तंबोराही असाच मार्गी लागला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जुन्या तंबोऱ्याचे लाखभर रुपये येतात असे आमच्या यजमानांनी कोठेतरी ऐकले होते. कारागिराने भोपळ्यावर बोटांनी टकटक करून पाहिले, दांडीतून एक डोळा मिटून पाहिले, आणि दोन खुंट्या व घोडी बदलून तंबोरा वाजता होईल, विकायला मात्र नेऊ नका, असे स्वच्छ सांगितले. पंढरपूरच्या बाजूने येणारे तसे जाड भोपळे आता सहज मिळत नाहीत, म्हणून दुरुस्ती करण्याजोगी आहे, असेही तो म्हणाला. दुरुस्तीचा खर्च आम्ही केला आणि तंबोरा गाणे शिकणाऱ्या एका मुलीकडे गेला. यजमान आठवडाभर गप्प होते.

कपड्यांच्या बाबतीत या सेवेचे यश निम्मेच आहे, आणि तो दोष त्यांचा नाही. सासूबाईंच्या सुती नऊवारी लुगड्यांच्या दोन वाकळा शिवून आल्या आणि त्यातली एक त्या रोज पांघरतात. फाटक्या सुती धोतरांच्या चिंध्या कुपवाडच्या एका कारखान्याने यंत्रे पुसायला घेतल्या. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून दोन नव्या गाद्या झाल्या. पण टेरिलीन, नायलॉन आणि पॉलिस्टर या कपड्यांना या जगात वाली नाही. त्यांनी घाम टिपला जात नाही, चिंधी पाणी शोषत नाही आणि वाकळेत ती सरकते. दारावर आलेल्या बोहारणीने पाऊण तास घासाघीस करून चौदा साड्यांच्या आणि दोन पँटींच्या बदल्यात स्टीलचे एक झाकणाचे पातेले दिले, आणि उरलेल्या ढिगाकडे पाहून ती सरळ “हे न्हाई चालायचं” म्हणाली. तो ढीग अकरा दिवस आमच्या ओसरीवर पडून होता. उजवी बाजू कोरी असलेली वस्तू उतरवायची नाही हा नियम या एका ठिकाणी त्यांनीच मोडला, आणि त्याचा त्रास आम्ही सोसला. शेवटी त्या ढिगाचे काय झाले हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

विजेच्या वस्तूंबाबत मात्र त्या कमालीच्या काटेकोर आहेत. जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही खाली आणला तेवढ्यात गल्लीतून भंगारवाला आला आणि दोनशे रुपये द्यायला तयार झाला. त्याला हवे असते ते चित्रनळीच्या मानेभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे. ते ओढून काढले की उरलेली शिसेमिश्रित काच फोडून कोठेतरी ओढ्यात टाकली जाते. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा, हे थोरल्या बाईंनी त्या भंगारवाल्याला न रागावता समजावले. तो हसला आणि निघून गेला. टीव्ही, टेपरेकॉर्डर, मिक्सरची दोन भांडी आणि चार्जरांची एक पिशवी यासाठी त्यांनी आमच्याकडून उलट तीनशे रुपये घेतले, आणि पोचल्याची पावती सात आठवड्यांनी आणून दिली. ज्यांना अडगळीतून केवळ पैसे हवे आहेत त्यांना हे पटणार नाही. पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, जुन्या सीएफएल नळ्या आणि मुदत संपलेली औषधे त्यांनी पुठ्ठ्याच्या वेगळ्या खोक्यात भरली. घरगुती घातक कचरा ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा, असे २०१६ च्या नियमांपासून सांगितले जाते, पण मी तरी तो वेगळा करणारे माणूस या निमित्ताने पहिल्यांदा पाहिले.

आता कागदांविषयी. या सेवेतील खरी उणीव येथे आहे आणि ती गंभीर आहे.

तिसरा दिवस कागदांचा होता. वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, मुलांच्या वह्या, विजेची बिले, लग्नपत्रिका, पत्रे, पावत्या, सगळे मिळून दोनशे किलोंच्या वर. या ढिगापुढे त्यांची पद्धत अशी की, मालमत्ता, शिक्षण, जन्म-मृत्यू आणि बँक या चार प्रकारचे कागद बाजूला काढायचे आणि उरलेल्यांपैकी सात वर्षांपेक्षा जुने असतील ते रद्दीत घालायचे. ऐकायला ही पद्धत सुटसुटीत वाटते. पण कागदाचे वय आणि कागदाची किंमत यांचा संबंध नसतो. सासऱ्यांच्या नावाचे एका कंपनीचे छापील भागपत्र बिलांच्या गठ्ठ्यातच होते. ते मी ओळखले म्हणून राहिले. कागदी स्वरूपातील समभागांचे हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून बंद झालेले आहे, ते आधी डिमॅट, म्हणजे संगणकीय खात्यात जमा, करावे लागतात, आणि सलग सात वर्षे लाभांश न उचललेले समभाग सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. पण वर्ग झाले तरी वारसाला मागता येतात, आणि त्यासाठी हातात तो जुना कागद असलेला बरा. दहा वर्षे न हाताळलेल्या बँक ठेवींचेही तसेच आहे. अशा कागदांना सात वर्षांचा नियम लावणे म्हणजे नेमकी चुकीची चाळण वापरणे होय.

प्रत्यक्षात घडले ते याहून साधे होते. सामान उचलायला त्यांच्याबरोबर एक मुलगा असतो, विशीचा, कामसू आणि अदबीने बोलणारा. दुपारनंतर दोघी जावा चिंध्यांच्या मागे लागल्या आणि कागदांचा शेवटचा ढीग त्याच्यावर सोपवला गेला. त्याला एक जाड, पिवळा, मुद्रांक असलेला कागद सापडला. त्यावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असे लिहिलेले होते. घर सांगलीत, कागद साताऱ्याचा, म्हणजे याचा या घराशी संबंध नाही, असा त्याने तर्क केला आणि तो पोत्यात घातला. ते आमच्या राहत्या घराचे १९५५ सालचे खरेदीखत होते. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ साली जो जिल्हा तयार झाला त्याचे नाव दक्षिण सातारा असे होते आणि १९६० साली ते बदलून सांगली झाले. हे त्या मुलाला कोणी शिकवले असेल असे मला वाटत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. दोष मी त्या दोघींना देते, कारण मुद्रांक असलेला कागद, मग तो कोणत्याही जिल्ह्याचा असो, मालकाला दाखवल्याशिवाय पोत्यात जाता कामा नये.

त्याच दिवशी घडलेली दुसरी गोष्ट यापुढे ठेवली की गंमत वाटते. एका ट्रंकेच्या तळाशी लाल कापडात बांधलेला मोडी लिपीतील कागदांचा रुमाल होता. धाकट्या बाईंनी तो सोडला, पाहिला आणि तसाच बांधून माझ्या हातात दिला. “आम्हाला हे वाचता येत नाही, म्हणून याचं काय करायचं ते आम्ही ठरवणार नाही,” असे त्या म्हणाल्या. म्हणजे जे वाचता येत नव्हते ते त्यांनी जपले आणि जे वाचता आले ते रद्दीत गेले.

खरेदीखत नाही हे मला रात्री जेवणानंतर, कागदांची नवी फाईल लावताना कळले. त्याची प्रमाणित नक्कल काढता येते हे माहीत असूनही झोप आली नाही. पहाटे उठून रद्दीच्या दुकानाशी गेले. दुकान नऊला उघडते हे तेथे पोचल्यावर कळले. पायरीवर बसून थोरल्या बाईंना दूरध्वनी केला. त्या साडेसातला रिक्षाने आल्या, साडीचा पदर खोचला आणि दुकान उघडताच पोती सोडू लागल्या. सुदैवाने माल पुढच्या व्यापाऱ्याकडे गेलेला नव्हता. खरेदीखत अकराव्या पोत्यात, दोन दिवाळी अंकांच्या मध्ये, एकही घडी न मोडता निघाले. त्या दिवसाची मजुरी आम्ही घेणार नाही, असे त्या म्हणाल्या. मी ती दिली, कारण बाकीचे सर्व काम त्यांनी मन लावून केले होते. पण मुद्रांकाचा कागद मालकाने सही केल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही, असे त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्यासमोर लिहून घेतले. माझा सल्ला असा की, दोघींना बोलवायचे असेल तर त्या येण्याआधी कागद आपले आपण पाहून घ्यावेत. त्यांच्यापुढे कागदांचा ढीग टाकूच नये.

हिशेब असा झाला. दोघी आणि मुलगा मिळून दिवसाला २,४०० रुपये, चार दिवसांचे ९,६०० रुपये. टेम्पोच्या दोन खेपांचे १,४०० रुपये. विजेच्या कचऱ्याचे ३०० रुपये. एकूण ११,३०० रुपये. मोडीचे १६,८०६ रुपये आणि २१२ किलो रद्दीचे, किलोला १२ रुपयांप्रमाणे, २,५४४ रुपये आले. म्हणजे खर्च वजा जाता ८,०५० रुपये हाती राहिले. परंतु हे पितळेमुळे. ज्यांच्या माळ्यावर प्लॅस्टिकचे डबे आणि पॉलिस्टरच्या साड्याच आहेत त्यांना पदरचे पैसे घालावे लागतील, हे गृहीत धरावे.

सगळा माळा एका रकमेत उक्ता उचलून नेणारे व्यापारीही असतात. त्यांच्यापैकी एकाला आम्ही आधी बोलावले होते. तो ‘सगळ्याचे नऊ हजार’ म्हणाला आणि बोलता बोलता त्याची नजर आमच्या दिंडी दरवाजाच्या नक्षीकामाकडे वळली. त्याचे काम दोन तासांत झाले असते हे खरे. ज्यांना घर महिनाअखेर रिकामे करून द्यायचे आहे आणि ज्यांच्या घरी आता कोणी विचारायचे उरलेले नाही, त्यांनी तसाच व्यापारी गाठावा, तेथे या दोघींचा उपयोग नाही. त्या सावकाश काम करतात. सकाळी दहाची वेळ देऊन पावणेअकराला येतात. धुळीसाठी तोंडाला बांधायचे फडके त्यांनी स्वतः आणले पाहिजे, ते त्या आपल्याकडे मागतात. दुपारचे जेवण त्या घरून आणतात, चहा मात्र चार वेळा लागतो. ज्या घरात वस्तूचे मालक अजून बोलते आहेत, त्या घरात मात्र त्यांच्यासारखे दुसरे कोणी मला सांगलीत माहीत नाही.

सासूबाईंची खाट आता वरच्या खोलीत खिडकीशी आहे आणि त्यांना पाय पुरते लांब करता येतात. माळ्यावर दोन पाटे, पुरणयंत्र, मोडीचा रुमाल आणि यजमानांची एक ट्रंक एवढेच उरले आहे. ट्रंकेत काय आहे ते त्यांनी सांगितले नाही आणि दुसऱ्या नियमानुसार आम्हाला ती उघडता आली नाही. वस्तू कोठे गेली त्याचा पत्ता या दोघी ज्याचा त्याला देतात, त्यामुळे गेल्या महिन्यात तासगावाकडच्या त्या घरातून सासूबाईंना दूरध्वनी आला. बंब पेटतो, पण नळातून पाणी ठिबकते, काय करावे, असे तेथील सूनबाई विचारीत होती. सासूबाईंनी तिला नळ काढून मळसूत्रावर सुताचे चार वेढे द्यायला सांगितले, आतला क्षार चिंचेच्या पाण्याने कसा काढायचा ते सांगितले, राख रोज काढतेस का म्हणून विचारले, आणि तिने नाही म्हटल्यावर तिला पहिल्यापासून पुन्हा सगळे सांगायला घेतले.